गुरुवारची भाकर

आनोपेत्रा, २८ ऑगस्ट १९७९

ती. आर्गिरोताईस,
ख्रिस्तात सलाम.

देवमातेचा सण पार पडला, आणि असा पार पडला की गाव अजून तेच चघळतं आहे. तुला आठवत असेल, मिरवणुकीआधी चौकातल्या चिनाराखाली लिलाव होतो, देवमातेची तसबीर खांद्यावर कोणी घ्यायची त्याचा. बोली ज्याची मोठी, मान त्याचा. गेली कित्येक वर्षं तो मान कोस्मासचा. तो स्टुटगार्टमध्ये बांधकामं घेतो, उन्हाळ्यात गावी येतो, आणि तसबीर अशी मिरवतो की बघणाऱ्याला वाटावं, देवमातेनेच त्याला खांद्यावर घेतलं आहे.

यंदा मी लिलाव होऊ दिला नाही. सरळ सांगितलं की देवाच्या आईवर बोली लावायला हा बाजार नाही. मग चर्चच्या पडवीत गेलो आणि झीसिसला हाताला धरून पुढे आणलं. तोच झीसिस, ज्याच्या बापाने लढाईच्या काळात तोंड लपवायला डोक्यावर पोतं घालून गावातली माणसं जर्मनांना बोटाने दाखवली. बाप कधीच मेला, पण ते पोतं मुलाच्या डोक्यावरून कुणी काढलं नाही. रविवारची मिस्सा-उपासना तो पडवीतच उभा राहून ऐकतो. म्हातारी स्तामाता आत शिरली की दार ओढून घेते, वारा येतो, मेणबत्त्या विझतात म्हणते. भर ऑगस्टातही तिला वारा लागतो. तिचे दोन्ही भाऊ त्या बोटाने गेले, म्हणून मी तिला कधी काही बोललो नाही.

तसबीर मी झीसिसच्या खांद्यावर दिली. तो जमिनीकडे बघत चालला. अर्धं गाव मिरवणुकीतून बाजूला झालं. कोस्मासने सगळ्यांदेखत सांगितलं की चर्चच्या छपरासाठी कबूल केलेले पैसे आता विसरा. स्तामाता घरी निघून गेली. पण ताई, मला फार हलकं वाटलं. माणसांचीच मर्जी राखत बसलो तर मी ख्रिस्ताचा सेवक कसला?

यानिना शहराच्या पेपरात माझ्यावर लिहून आलं आहे, फोटोसकट. कात्रण सोबत पाठवतो. दाढी जरा विस्कटलेली आली आहे.

तुझा,
थिमिओस


व्होलोस, १२ सप्टेंबर १९७९

चि. थिमिओ,
अनेक आशीर्वाद.

कात्रण पोचलं. वाचून आधी रडले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग खालच्या मजल्यावर नेऊन वाचून दाखवलं. रविवारी चर्चमध्येही नेलं. मला इथे कुणी ओळखत नव्हतं, तिसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी विधवा एवढंच. आता पाद्रीबुवांची बहीण म्हणून पुढच्या बाकावर बसवतात. मेलबर्नला मुलालाही एक प्रत धाडली. तो काही उत्तर देणार नाही, पण वाचेल तरी.

आमचे थोरले पाद्री आता थकले आहेत. त्यांना हाताशी दुसरा पाद्री हवा आहे. कात्रण वाचून म्हणाले की असा माणूस त्या डोंगरात काय करतो, इथे आला तर चर्चला जागा पुरणार नाही. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंसं बोलले.

वासो गेल्यापासून तू एकटा आहेस. बायको गेली तरी पाद्रीला दुसरं लग्न नाही, आणि तुला मूलबाळही नाही. इथे माझ्या घरात एक अख्खी खोली रिकामी आहे. विचार कर.

आणि ती दाढी विंचर. फोटोत तुझ्या बाजूला कुणाचा तरी अर्धा खांदा दिसतो, तो झीसिस का?

तुझी,
आर्गिरो


आनोपेत्रा, २० ऑक्टोबर १९७९

ती. ताईस,
सलाम.

उशीर झाला, माफ कर. इथे सगळं ठीक आहे. उन्हाळ्याची माणसं जर्मनीला परत गेली, शाळा बंद झाली, मास्तरांची बदली झाली. गाव शांत आहे, चर्चही शांत आहे. अक्रोड यंदा चांगले आले, पिशवीभर पाठवतो.

व्होलोसचं एवढ्यात मनात नाही. आपलं देऊळ सोडून मी कुठे जाऊ?

होय, तो झीसिसचा खांदा.

तुझा,
थिमिओस


व्होलोस, २ डिसेंबर १९७९

चि. थिमिओ,

अक्रोड मिळाले. खोटंही मिळालं.

परवा कोस्मास, जर्मनीहून कामासाठी आला होता, गावी डोकावून माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पिऊन गेला. म्हणाला, तुमच्या भावाने सप्टेंबरपासून मिस्सा केलेली नाही. मी म्हटलं, शक्य नाही. तर तो म्हणाला, आनोपेत्रात एकही माणूस आत पाऊल ठेवत नाही, समोर आमेन म्हणणारं कुणी नसेल तर पाद्री मिस्सा कशी करणार? मिस्सेला लागणारी वेदीची भाकर भाजणारी स्तामाता, तिने भाकर द्यायची बंद केली. हे मला परक्याच्या तोंडून कळावं? लहानपणी चपला हरवल्यास तरी आधी माझ्याकडे येऊन रडायचास.

कोस्मास वाईट माणूस नाही, फक्त त्याचं नाक जरा वर असतं. तो म्हणतो, पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर सांगावं की चुकलं, पुढच्या वर्षीपासून लिलाव पूर्वीसारखा होईल, की सगळे परत येतील. छप्परही होईल. दोन वाक्यं आहेत, थिमिओ. बोलून टाक. देवाला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आहे ते. लोकांना दुखवून चर्च कुणासाठी उघडं ठेवायचं, चिमण्यांसाठी?

नाहीतर इकडे ये. ती जागा ते ईस्टरपर्यंत राखून ठेवणार आहेत, पुढे नाही.

आर्गिरो


आनोपेत्रा, ९ जानेवारी १९८०

ती. ताईस,

तुझा राग रास्त आहे. तुला लिहायला लाज वाटली. तू ते कात्रण घेऊन हिंडत होतीस आणि इथे मी रिकाम्या चर्चमध्ये उभा होतो.

आता खरं लिहितो. रविवारी घंटा वाजवतो. मेणबत्त्या लावतो, एकीकडून मी म्हणतो, लोकांनी म्हणायचं ‘प्रभो, दया कर’ हेही मीच म्हणतो. मिस्सा नाही, नुसत्या प्रार्थना. मग दारात उभा राहतो. समोरच्या घरातून धूर निघतो, कपबशांचा आवाज येतो, म्हणजे माणसं उठलेली असतात. कुणी येत नाही. चिमण्यांचं तू थट्टेने लिहिलंस, पण खरंच येतात, ऊब असते म्हणून. वासो असती तर निदान एक आमेन तरी असतं. तिच्या आवाजाला सूर नव्हता, मी तिला हळू म्हण म्हणायचो. आता ते आठवलं की खाली बसावंसं वाटतं.

नाताळला वाटलं होतं कुणीतरी येईल. नाही आलं. सणाच्या पदार्थांचा वास गावभर होता. माझ्या दारात कुणी ताट आणून ठेवलं नाही. मी चीज आणि शिळी भाकरी खाल्ली.

सगळ्यात जास्त लागतं ते झीसिसचं. त्याच्यासाठी मी हे सगळं ओढवून घेतलं, आणि सणानंतर तो पडवीतसुद्धा येत नाही. पूर्वी निदान दारापलीकडे त्याचा खोकला ऐकू यायचा.

कोस्मासचं म्हणणं मी करणार नाही. पण मी थकलो आहे, ताई. तुझ्या पाद्रींना कळव, मी येतो. ईस्टरनंतर लगेच.

थिमिओस


व्होलोस, २५ जानेवारी १९८०

चि. थिमिओ,

पत्र वाचलं आणि त्याच पावली चर्चमध्ये गेले. थोरले पाद्री एवढे खूश झाले की त्यांनी मला खुर्ची दिली. खोलीला रंग काढून घेते आहे, पडदे शिवून झाले, निळे आहेत. पलंगावर नवी गादी घातली. शेजारणी रोज विचारतात, कधी येणार? मी सांगते, येतोय, येतोय.

तू आलास की पहिल्याच रविवारी तुला प्रवचन द्यायचं आहे. त्यांना तीच गोष्ट ऐकायची आहे, झीसिसची. तू त्याला कसं हाताला धरून आणलंस, श्रीमंत माणूस कसा बाजूला झाला. कात्रण त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दाराशी लावलं आहे. लोक बोट दाखवून एकमेकांना सांगतात, हाच तो.

मीठ घालून दाढी धू, पिवळी पडली असेल चुलीच्या धुराने. येताना वासोचा फोटो विसरू नकोस.

तुझी,
आर्गिरो


आनोपेत्रा, २० फेब्रुवारी १९८०

ती. ताईस,

हे पत्र बसून वाच.

उपवासकाळ लागायच्या आधीचा रविवार आपल्याकडे क्षमेचा. संध्याकाळी सगळे चर्चमध्ये जमून एकमेकांची क्षमा मागतात. कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच दुपारी निघालो. पहिला झीसिसकडे गेलो, कारण तिथे सोपं जाईल असं वाटलं. खरं सांगायचं तर मनात होतं की तो माझे आभार मानेल. इतके महिने मी त्याच्यापायी सोसतो आहे, एक शब्द तरी बोलेल.

तो शेळ्यांचे खूर साफ करत होता. उठला नाही. मी रिवाजाप्रमाणे म्हटलं, माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर. तो म्हणाला, ‘चुकलंय.’

मग म्हणाला, ‘पाद्रीबाबा, मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. इतकी वर्षं खपून मी लोकांच्या नजरेतून जरा बाजूला झालो होतो. पडवीत कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि आतलं सगळं ऐकू यायचं. तुम्ही मला चौकात नेलंत. बापाने जिथे उभं राहून बोट दाखवलं, अगदी तिथे. तुमचा पेपरात फोटो आला. मला पोरं पुन्हा पोतं म्हणायला लागली.’

मी शेळीच्या खुराकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. ताई, त्याने कात्रण पाहिलं होतं. तुला मी ते का पाठवलं होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. लिलाव बंद केला ते बरोबरच होतं, आजही करीन. पण कोस्मासला तसबीर मिरवायची होती आणि मला झीसिस मिरवायचा होता. पुन्हा क्षमा मागितली, या वेळी खरी. तो म्हणाला, बघू.

तिथून स्तामाताकडे गेलो. तिने दार वीतभर उघडलं. मी म्हटलं, तसबीर झीसिसला दिली याची क्षमा मागत नाही. पण आधी तुमच्याकडे यायला हवं होतं, तुमच्या भावांचं नाव काढून तुमच्याशी बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुम्हाला चौकात एकटीला उभं ठेवलं, त्याची क्षमा मागतो. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. दार लागलं.

मी व्होलोसला येत नाही. तिथे त्यांना झीसिसची गोष्ट सांगणारा पाद्री हवा आहे, आणि ती गोष्ट आता माझ्याने तोंडातून निघणार नाही. शिवाय ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार येतो आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वर्षभराचं प्रभुभोजन, ती पवित्र केलेली भाकर, त्याच सकाळच्या मिस्सेत बाजूला काढून ठेवायचं असतं. माझ्याशी न बोलणारी माणसंही यंदा मरणारच आहेत, आणि मरताना त्यांना ते लागेल. भाकर नाही, आमेन म्हणणारं कुणी नाही. काय होईल मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी इथे असायला हवा.

ते कात्रण काढून घेता आलं तर काढून घे.

थिमिओस


व्होलोस, १० मार्च १९८०

थिमिओस,

कात्रण काढलं. काढताना सगळे बघत होते. पाद्रींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्याची तब्येत बरी नाही. आता तुझ्यापायी मी देवळात खोटं बोलते.

तुझ्या झीसिसला क्षमा, स्तामाताला क्षमा. बहिणीचं काय? त्याला विचारलं नाहीस म्हणून तो रागावला, मग मला विचारलंस? मी पडदे शिवले. तू येणार म्हणून मी रोज दोघांच्या जेवणाचा विचार करायला लागले होते. या घरात संध्याकाळी रेडिओ बंद केला की काहीच उरत नाही, तुला ते माहीत नाही, कारण मी कधी लिहिलं नाही. तुझ्या शेजारी चिमण्या तरी आहेत.

गुरुवारी मी येऊन आमेन म्हणू शकले असते. गुडघ्याचं निमित्त सांगणार होते. पण खरं कारण राग आहे. म्हणून येत नाही.

आर्गिरो


आनोपेत्रा, ८ एप्रिल १९८०

ती. आर्गिरोताईस,
ख्रिस्त उठला आहे.

तुझं पत्र उपवासभर खिशात ठेवलं होतं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी तुला विचारलं नाही. रेडिओचंही मी कधी विचारलं नाही. क्षमा कर.

बुधवारी मी स्वतः भाकर भाजली. वासोला करताना इतकी वर्षं पाहिलं होतं, वाटलं जमेल. पीठ झीसिसने आणून दिलं, पोतं पायरीवर ठेवून गेला. मी मळलं, वर क्रुसाचा शिक्का उमटवला, तंदुरात ठेवली. बाहेर काढली तर बरोबर शिक्क्यावरून तडकलेली. अशी भाकर वेदीवर चालत नाही. दुसरी केली, तीही तशीच. मी चुलीपुढे बसून रडलो, तुला सांगायला हरकत नाही.

तरी गुरुवारी पहाटे उठलो आणि घंटा वाजवली. का, ते विचारू नकोस. मिस्सा होणार नव्हती. पण दिवस प्रभूचा होता, माझा नव्हता. वस्त्रं चढवली, मेणबत्त्या लावल्या, आणि या वेळी दारात जाऊन उभा राहिलो नाही. दाराकडे पाठ करून वेदीसमोर प्रार्थना म्हणत राहिलो.

मागे दाराचा आवाज झाला. वाटलं, वारा. मग लाकडी जमिनीवर काठी वाजली. स्तामाता होती. ईस्टरची लाल अंडी रंगवताना बोटं रंगलेली, हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर, अजून गरम. तिने ती बाजूच्या कोनाड्यात ठेवली, जिथे नेहमी ठेवायची. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

ती म्हणाली, ‘तुमच्यासाठी नाही आले. आज गुरुवार आहे.’

आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

ताई, सप्टेंबरपासून मी या घडीची वाट पाहत होतो. मनात किती वेळा रंगवलं होतं, कोण येईल, काय म्हणेल, कसा माझा हात हातात घेईल. तसं काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी प्रार्थना म्हटली, ती म्हणाली, ‘प्रभो, दया कर.’ घसा बसलेला, वासोसारखाच सूर नाही. मी मिस्सा केली. मेलेल्यांची नावं घेताना तिच्या दोन्ही भावांची घेतली, आणि मग, क्षणभर थांबून, झीसिसच्या बापाचंही घेतलं. ते मी आजवर कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. मी थांबलो. खूप वेळाने आमेन आलं.

तिने प्रभुभोजन घेतलं. शेवटी रिवाजाप्रमाणे माझ्या हाताचं चुंबन घेतलं नाही, आशीर्वादाच्या भाकरीचा तुकडा ताटातून स्वतःच उचलला आणि काठी टेकत निघाली. तेव्हा मला पडवीतला खोकला ऐकू आला. झीसिस होता. कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. ती त्याच्या बाजूने गेली. त्याच्याकडे बघितलं नाही, थांबली नाही.

पण दार तिने ओढून घेतलं नाही.

वारा सरळ आत आला. पुढची एक मेणबत्ती विझली. मी ती पेटवायला लगेच गेलो नाही. वर्षभराचं प्रभुभोजन डबीत ठेवून झाकण लावलं.

ईस्टरलाही एवढेच होतो. ती आत, तो पडवीत, दार उघडं. दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. घरी आलो की तशीच शांतता असते. मी सुखात आहे असं लिहिणार नाही. पण आता रविवार आला की मिस्सा होईल.

हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
थिमिओस


व्होलोस, २० एप्रिल १९८०

चि. थिमिओ,
खरोखर उठला आहे.

पत्र पोचलं. एकदाच वाचलं आणि शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलं.

चर्चमध्ये आता मागे बसते, खांबाशेजारी. पुढच्या बाकावर दुसरी कुणीतरी असते. मागून पाद्री दिसत नाहीत, पण ऐकू येतं. इतकी वर्षं आमेन मी नुसतं ओठांनी म्हणत होते, बाकीचे म्हणतातच म्हणून. तुझं पत्र आल्यापासून मोठ्याने म्हणते. पहिल्या रविवारी एक बाई वळून बघायला लागली.

तुझ्या पलंगावरची चादर काढली. गादी तशीच आहे, निळे पडदेही तसेच. संध्याकाळी त्या खोलीत ऊन छान येतं, म्हणून शिवणयंत्र तिकडे हलवलं.

काल खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात अडवून विचारलं, भावाचं काय हो, काही नवीन?

मी म्हटलं, बरा आहे. आणि वर आले.

तुझी,
आर्गिरो